जपानी शाळेतलं एक वर्ष संपतं तेव्हा : परदेशी इंग्रजी शिक्षकाचा निरोप



जपानच्या शाळा म्हटल्या की आपल्यापैकी अनेकांना 'तोत्तोचान' आठवतं. तेत्सुको कुरोयानागी यांच्या त्या पुस्तकातली रेल्वेच्या डब्यांतली शाळा मात्र युद्धकाळातली, खाजगी आणि अगदी वेगळी होती. आज आपण बघणार आहोत आजच्या साध्या सरकारी शाळेकडे. तिथे इंग्रजी शिकवायला परदेशातून एक शिक्षक येतो आणि पुष्कळदा एका वर्षाने निघून जातो. तो येतो कसा, करतो काय, आणि मुख्य म्हणजे वर्ष संपताना नेमकं काय काय घडतं, हे क्रमाने समजून घेऊ. परदेशात शिकवायला जाण्याचा विचार करणाऱ्यांना याचा उपयोग होईलच, पण दरवर्षी कुणाला ना कुणाला निरोप देणाऱ्या आपल्या शाळांनाही होईल.

हा शिक्षक असतो कोण?

जपानमध्ये त्याला 'एएलटी' म्हणतात, म्हणजे सहायक भाषा शिक्षक. १९८७ साली जपान सरकारने 'जेट' नावाचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. आता दरवर्षी पाच हजारांहून जास्त लोक या कार्यक्रमात काम करतात आणि त्यांतले बहुतेक एएलटीच असतात. भारतातूनही थोडे जण जातात. पदवी लागते, पण शिक्षणशास्त्राची पदवी असलीच पाहिजे असं नाही. करार एक वर्षाचा असतो. दोन्ही बाजूंची तयारी असेल तर तो वाढवता येतो, पण एकूण पाच वर्षांपर्यंतच.

सगळेच एएलटी जेटमधून येत नाहीत. काहींना नगरपालिकेचं शिक्षण मंडळ थेट नेमतं, तर काही खाजगी कंपन्यांमार्फत येतात. कंपनीमार्फत येणाऱ्यांच्या बाबतीत एक गोम आहे. काही ठिकाणी शाळेचा कंपनीशी फक्त कामाचा ठेका असतो. अशा ठेक्यात शाळेतल्या शिक्षकाने एएलटीला थेट सूचना द्यायची नसते, ती कंपनीकडून यायला हवी. आता एकाच वर्गात, एकाच फळ्यासमोर दोघं उभे आहेत आणि एकाने दुसऱ्याला "हे वाक्य पुन्हा म्हणा" असं सांगायचं नाही, तर तास चालणार कसा? म्हणजे नोकरीचा कागद कसा आहे यावर मुलांचा तासही अवलंबून असतो.

वर्षभर काय चालतं?

जपानचं शालेय वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. बहुतेक शाळांत तीन सत्रं असतात : एप्रिल ते जुलै, सप्टेंबर ते डिसेंबर आणि जानेवारी ते मार्च. सहा वर्षं प्राथमिक आणि तीन वर्षं कनिष्ठ माध्यमिक, एवढं शिक्षण सक्तीचं. पाचवी-सहावीला २०११ पासून आठवड्याला एक तास परदेशी भाषेची ओळख सुरू झाली. २०२० पासून या दोन वर्गांना इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि ओळखीचे तास तिसरी-चौथीला आले.

एएलटीचा दिवस शिक्षकांच्या खोलीत सुरू होतो. आपल्याकडच्या स्टाफरूमसारखी ती फक्त मधल्या सुट्टीत बसायची जागा नसते. प्रत्येकाचं टेबल तिथेच, समोरासमोर लावलेलं. सकाळची छोटी बैठक होते, मग तास. दुपारी मुलांबरोबर वर्गातच जेवण. जेवण वाढतात मुलंच, आणि नंतर वर्ग, जिने, व्हरांडे झाडायलाही मुलं आणि शिक्षक बरोबर असतात. वर्गात इंग्रजीचे जपानी शिक्षक आणि एएलटी दोघं मिळून शिकवतात. तासाची जबाबदारी जपानी शिक्षकाची, आणि उच्चार, संवाद, खेळ यांत एएलटीची मदत.

उच्चारांची अडचण आपण पटकन समजू शकतो. जपानी लिपी ही बरीचशी आपल्या बाराखडीसारखी : व्यंजनाला स्वर चिकटलेलाच. एक 'न' सोडला तर शब्द सहसा स्वरावरच संपतो. म्हणून 'मिल्क'चं होतं 'मिरुकु' आणि 'डेस्क'चं 'देसुकु'. 'र' आणि 'ल' वेगळे नाहीत, त्यामुळे 'राइट' आणि 'लाइट' कानाला सारखेच लागतात. मुलं हुशार असतात, व्याकरण पाठ असतं, पण तोंड उघडायची लाज वाटते. आपल्या खेड्यातल्या मुलाला इंग्रजी वाक्य येत असूनही तो गप्प राहतो ना, अगदी तसंच.

एका वर्षात किती होतं? हिशोब करून बघू

कनिष्ठ माध्यमिक शाळेत इंग्रजीचे तास वर्षाला १४०, आणि प्रत्येक तास ५० मिनिटांचा. पण एकेका एएलटीकडे अनेकदा दोन-तीन, कधी त्याहून जास्त शाळा असतात. समजा, एका वर्गात तो आठवड्यातून एकदा येतो. वर्षाचे शाळेचे आठवडे साधारण ३५. म्हणजे ३५ तास, म्हणजेच १७५० मिनिटं. वर्गात ३५ मुलं धरली, तर एका मुलाच्या वाट्याला किती आली? ५० मिनिटं. तीही त्याने प्रत्येक तासाचं प्रत्येक मिनिट फक्त मुलांशी एकेकट्याने बोलण्यात घालवलं तर! सूचना, खेळाचे नियम, वह्या उघडणं हे वजा करा, म्हणजे हातात फारच थोडं उरतं.

मग एवढ्यात इंग्रजी येणार का? नाही येणार. हे आधी मान्य केलं म्हणजे वर्षाअखेरीचं मोजमाप नीट करता येतं. इंग्रजी शिकवतात ते मुळात तिथले जपानी शिक्षक, रोजच्या रोज. परदेशी माणसाचं काम वेगळं आहे. परक्या माणसासमोर चुकीचं का होईना, आपण बोललो आणि त्याला ते समजलं, हा अनुभव मुलाला देणं. एप्रिलमध्ये मान खाली घालून बसणारं मूल मार्चमध्ये जिन्यावर थांबून दोन शब्द बोललं, तर त्या वर्षाने आपलं काम केलं म्हणायचं.

अर्थात परीक्षा काही सुटत नाही. कनिष्ठ माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षानंतर उच्च माध्यमिकसाठी प्रवेशपरीक्षा असते, आणि तिच्यात लेखी व ऐकण्याच्या प्रश्नांवर भर असतो. टोकियोने २०२२ पासून बोलण्याची चाचणी घ्यायला सुरुवात केली आणि २०२३ च्या प्रवेशात तिचे गुण धरले. त्यावरून तिथे बराच वादही झाला. म्हणजे "बोलायला शिकवा" आणि "गुण मिळवून द्या" ही ओढाताण तिथेही आहेच.

राहायचं की निघायचं?

जेटच्या शिक्षकाचं वर्ष उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास सुरू होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात संपतं. पण आणखी एक वर्ष राहणार का, हे साधारण हिवाळ्यातच सांगावं लागतं, कारण बदली माणूस शोधायला शाळेला वेळ हवा असतो. म्हणजे येऊन पाच-सहा महिने झाले, मुलांची नावं आत्ता कुठे तोंडात बसली, थंडीत घर गरम कसं ठेवायचं ते आत्ता कळलं, आणि लगेच निर्णय! कंपनीमार्फत किंवा थेट नेमलेल्यांचं वर्ष बहुधा मार्चअखेर शाळेबरोबरच संपतं. करार वाढवायचा की नाही हे तिथे नेहमी शिक्षकाच्या हातात नसतं.

राहण्याची कारणं साधी असतात : दुसऱ्या वर्षी काम सोपं होतं, भाषा थोडी येते, मुलं ओळखतात. निघण्याचीही साधीच असतात : घरी आई-वडील वाट बघतात, पुढचं शिक्षण असतं, आणि पाच वर्षं राहिलं तरी पद 'सहायक'च राहतं. यात कुणाचं चूक, कुणाचं बरोबर असं नसतं. पण ज्याने निघायचं ठरवलं, त्याला उरलेले महिने त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर काढायचे असतात. खरी कसोटी ती. मन आधीच विमानात बसलं, तर नुकसान मुलांचं होतं.

निरोप कसा देतात?

मार्च हा जपानी शाळेत निरोपाचा महिना. पदवीदान समारंभाची तालीम अनेक दिवस चालते. प्रत्येक मुलाचं नाव वर्गशिक्षक मोठ्याने उच्चारतात आणि मुख्याध्यापक एकेकाला प्रमाणपत्र देतात. त्याच सुमारास शिक्षकांच्या बदल्या जाहीर होतात. तिथेही सरकारी शिक्षक काही वर्षांनी दुसऱ्या शाळेत जातोच, आणि स्थानिक वर्तमानपत्रांत बदल्यांच्या याद्या छापून येतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हे काही नवीन वाटणार नाही!

जाणाऱ्या शिक्षकांसाठी सभागृहात कार्यक्रम होतो. एएलटीलाही व्यासपीठावर बोलायला लावतात, आणि तो जमेल तेवढं जपानीत बोलतो. मुलं चौकोनी पुठ्ठ्यावर गोलाकार निरोप लिहून देतात : मधे शिक्षकाचं नाव आणि भोवती सगळ्यांच्या दोन-दोन ओळी. शिक्षकही जाताना प्रत्येकाच्या टेबलावर छोटी, वेगवेगळी गुंडाळलेली मिठाई ठेवतो.

निरोपाचे शब्द बघण्यासारखे आहेत. काम संपवून निघणाऱ्याला 'ओत्सुकारेसामा देशिता' म्हणतात. त्यात 'दमलात तुम्ही, कष्ट घेतलेत' असा भाव आहे. निघणारा म्हणतो, 'ओसेवा नी नारिमाशिता', म्हणजे 'तुम्ही माझं सगळं केलंत'. आणि घरातून बाहेर पडताना जपानी माणूस म्हणतो 'इत्तेकिमासु', शब्दशः 'जाऊन येतो'! आपल्याकडे आजी सांगायची ना, "जातो म्हणू नये, येतो म्हणावं"? दोन भाषा इतक्या लांबच्या, पण घरच्या माणसाच्या परतण्याची काळजी सारखीच.

कागदपत्रं विसरू नका

जे जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती :

१. नगर कार्यालयात 'आम्ही गाव सोडतोय' अशी नोंद करावी लागते. कायमचं परतताना रहिवासी कार्ड विमानतळावर परत करायचं असतं.

२. रहिवासी कर मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर बसतो, आणि १ जानेवारीला तुम्ही तिथे राहत होतात का यावर ठरतो. त्यामुळे पगार थांबल्यावरही बिल येऊ शकतं. तेवढे पैसे बाजूला ठेवावेत.

३. निवृत्तिवेतनाची वर्गणी सहा महिने किंवा जास्त भरली असेल, तर देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परताव्यासाठी अर्ज करता येतो. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. त्याखाली दोन्हीकडचा काळ जोडून धरता येतो, पण परतावा घेतला की तो काळ मोजला जात नाही. म्हणून घाई न करता ठरवावं.

४. जुनं कपाट, गादी असा मोठा कचरा रस्त्यावर टाकून चालत नाही. बहुतेक ठिकाणी आधी नोंदणी करून पैसे भरावे लागतात. शेवटच्या आठवड्यावर हे काम ठेवू नये.

सगळ्यात महत्त्वाचं काम : पुढच्यासाठी वही

नवा एएलटी आला की पहिला तास ठरलेला : स्वतःची ओळख. माझा देश, माझा झेंडा, माझं कुटुंब, माझं आवडतं जेवण. तीन वर्षांत तीन शिक्षक आले, तर मुलं तीनदा तेच ऐकतात आणि तीनदा तेच 'तुम्हाला सुशी आवडते का?' विचारतात. मोजून मिळालेल्या ५० मिनिटांतली काही अशीच जातात.

म्हणून चांगला शिक्षक निघताना पुढच्यासाठी लिहून ठेवतो. कोणत्या वर्गात कोणता खेळ चालला, कोणता फसला. कोणतं मूल बोलत नाही, पण चित्र काढून उत्तर देतं. कोणत्या जपानी शिक्षकाबरोबर तासाआधी पाच मिनिटं बसलं की तास छान होतो. भांडी कुठे मिळतात, डॉक्टर कुठे आहे. ही दहा-बारा पानं नव्या माणसाचे दोन-तीन महिने वाचवतात. मुलांच्या बाजूने पाहिलं तर कार्यक्रमातल्या भाषणापेक्षा आणि फुलांपेक्षा ही वही जास्त मोलाची.

आणि हे फक्त जपानपुरतं नाही. आपल्याकडे बदली होऊन जाणारे गुरुजी आहेत, तासिका तत्त्वावर वर्षभर शिकवून मे महिन्यात घरी बसणारे शिक्षक-शिक्षिका आहेत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, पण आपल्याही वर्गात शिक्षक बदलला की मुलांची गाडी पुन्हा 'व्हॉट इज युवर नेम'वर येते. मागच्या शिक्षकाची दहा पानं हातात असती तर?

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

१. तुमच्या शाळेतून यंदा कोण शिक्षक जाणार आहेत? वर्गाने मिळून त्यांच्यासाठी गोलाकार निरोपपत्र तयार करा. 'तुम्ही खूप चांगले आहात' एवढंच न लिहिता, त्यांनी शिकवलेली एक नेमकी गोष्ट लिहा.

२. 'येतो', 'निघतो', 'बरंय मग', 'सांभाळून जा' असे निरोपाचे शब्द घरच्यांना विचारून गोळा करा. कोणता शब्द कुणाला आणि केव्हा म्हणतात ते लिहा.

३. शिक्षकांसाठी : या आठवड्यात आपल्या वर्गाबद्दल फक्त दोन पानं लिहून काढा, जणू उद्यापासून इथे दुसरं कुणी शिकवणार आहे. बदली होवो न होवो, ती पानं जूनमध्ये तुमच्याच कामी येतील.