प्लेगच्या जिवाणूचे नाव

१८९४ साली हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांद्र येर्सिन यांना प्लेगचा जिवाणू सापडला. दोनच वर्षांनी हा रोग मुंबईत अवतरला आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्रतिबंधक लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. हा इतिहास आपल्याकडे सुपरिचित आहे. त्या जिवाणूच्या नामकरणाचा इतिहास मात्र तितकासा परिचित नाही. वस्तुतः तोही तितकाच उद्‌बोधक आहे.

जिवाणूच्या नावातील पहिला शब्द प्रजातीचा असतो, दुसरा जातीचा. जणू आडनाव आणि व्यक्तिनाम. प्लेगचा जिवाणू दीर्घकाळ पाश्चर यांच्या नावाच्या ‘पाश्चरेला’ प्रजातीत गणला जाई. १९४४ मध्ये व्हान लोखेम या डच शास्त्रज्ञाने त्याच्यासाठी ‘येर्सिनिया’ ही स्वतंत्र प्रजाती सुचविली आणि तो ‘येर्सिनिया पेस्टिस’ झाला.

खरा पेच पुढेच उद्‌भवला. डीएनएच्या तुलनेवरून असे दिसून आले, की हा जिवाणू आणि त्याच प्रजातीतील ‘येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस’ यांना भिन्न जाती मानण्यास आधार नाही. या दुसऱ्यामुळे माणसाला बहुधा आतड्याचा विकार होतो व तो क्वचितच प्राणघातक ठरतो. तेव्हा प्लेगच्या जिवाणूला त्याची उपजाती मानावे, असा प्रस्ताव १९८० च्या सुमारास पुढे आला. शास्त्रदृष्ट्या तो निर्दोष होता. परंतु प्रयोगशाळेच्या अहवालात त्या लांबलचक नावातील अखेरचा ‘पेस्टिस’ हा शब्द गळला तर? फुप्फुसाच्या प्लेगवर वेळीच उपचार न झाल्यास रुग्ण सहसा वाचत नाही. १९८५ मध्ये जिवाणूंच्या नामकरणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय न्यायिक आयोगाने ते नाव फेटाळले. ज्या नावामुळे मानवी आरोग्य धोक्यात येईल ते नाकारण्याची तरतूद नामकरणाच्या नियमावलीतच आहे.

यात सत्याशी तडजोड झाली, असा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मते तो टिकण्यासारखा नाही. या दोन जिवाणूंचे नाते कोणी दडवलेले नाही. १९९९ मधील जनुकीय संशोधनाने ते अधिकच स्पष्ट केले. आयोगाने नाकारले ते केवळ घातक ठरू शकणारे नाव. वर्गीकरण निसर्गाचे असले, तरी नावे माणसांनी माणसांसाठी ठेवलेली असतात आणि ती वाचणाऱ्याच्या हाती कधी कधी रुग्णाचे प्राण असतात.

शाळा-महाविद्यालयांतून ही लॅटिन नावे केवळ पाठ करून घेतली जातात. त्यामागील हे वाद व निर्णय शिक्षकांनी सांगितले, तर विज्ञान ही तयार उत्तरांची जंत्री नसून जबाबदारीने घेतलेल्या निर्णयांची परंपरा आहे, हे विद्यार्थ्यांना सहज उमजेल.