दुखतो दात, अडवते लाज

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण मराठीत वापरतो. शेजारच्या काकू तीच म्हण 'हल्लिद्दाग कडले इल्ल, कडले इद्दाग हल्लिल्ल' अशी कन्नडमधून ऐकवतात. सीमाभागातल्या आपल्या घरांत मुले दोन्ही ऐकत मोठी होतात. या म्हणीत एक तिसरी अवस्था मात्र राहून गेली आहे. चणे आहेत, दातही आहेत, पण ते दात चावण्याच्या कामाचे उरलेले नाहीत आणि कोणाला दाखवायचीही लाज वाटते. माझ्या थोरल्या भावाने अशा अवस्थेत बरीच वर्षे काढली. 'माझं नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही. कुणाला तरी उपयोग होईल,' असे त्यानेच सांगितले, म्हणून हा लेख.

माझे माहेर बऱ्हाणपूरचे. तापीकाठचे हे जुने शहर. १६३१ साली मुमताज महल इथेच वारली. १५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर हा मध्य प्रदेशातला स्वतंत्र जिल्हा झाला. रावेरच्या बाजूने थोडे पुढे गेले की लगेच महाराष्ट्र लागतो. आपल्याकडे मराठीत कन्नड मिसळते, तशी तिथे मराठीत हिंदी मिसळते. आणखी एक साम्य म्हणजे यंत्रमाग. मागावरची रात्रपाळी काय असते, हे वडगाव-खासबागच्या विणकरांना मी सांगायला नको.

दादाचे आयुष्य या रात्रपाळीत गेले. झोप येऊ नये म्हणून दर तासा-दीड तासाने गोड चहा आणि मधल्या वेळात गालात तंबाखू-सुपारी. सकाळी घरी आला की तोंड न धुताच झोपायचा. दात दुखू लागला की लवंगेचे तेल, तेही पुरले नाही तर दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी. दुखणे थांबले की दात बरा झाला, असा त्याचा हिशोब. दाताचे मात्र तसे नसते. आतली नस मेली की ठणका थांबतो आणि कीड पुढे सरकत राहते. हिरड्यांचा आजार तर बहुतेक वेळा दुखतही नाही. ब्रशला रक्त लागते, तोंडाला वास येतो, दात हलू लागतात, पण माणूस वयाला दोष देऊन गप्प बसतो. सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत दादाचे नऊ दात गेले होते. तो एका बाजूने जेवायचा, पोळी वरणात भिजवून खायचा. हसताना हात तोंडावर जायचा. पुढे तो फोटोतही येईनासा झाला.

डॉक्टरकडे का गेला नाही? पैसे, वेळ आणि सुईची भीती ही कारणे होतीच. पण खरे कारण वेगळे निघाले. बारा-तेरा वर्षांपूर्वी तो एका दवाखान्यात गेला होता. तपासणाऱ्याने इतर पेशंटांसमोर मोठ्याने म्हटले, 'काय उकिरडा करून ठेवलाय तोंडाचा!' दादा गोळ्यांची चिठ्ठी घेऊन उठला आणि पुन्हा कोणत्याही दवाखान्याची पायरी चढला नाही. त्या एका वाक्याने त्याची बारा वर्षे आणि कितीतरी दात नेले, असे मला वाटते.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्याचा गाल सुजला आणि ताप चढला. मी सुटीला तिथेच होते. वहिनींनी आणि मी त्याला नव्या दवाखान्यात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी तोंड तपासले आणि पहिले वाक्य म्हटले, 'बरं झालं आलात काका.' मग विचारले, 'काय खावंसं वाटतं, पण खाता येत नाही?' दादा थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, 'ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा.' त्या एका प्रश्नाने निम्मे काम झाले.

एवढे मोठे काम एकदम डोळ्यांसमोर आले की माणूस घाबरतो. म्हणून त्याचा क्रम समजून घ्यावा. आधी सूज, पू आणि वेदना. मग हिरड्यांची सफाई आणि वाचण्यासारखे नसलेले दात काढणे. त्यानंतर वाचणाऱ्या दातांत सिमेंट भरणे, रूट कॅनाल आणि कॅप. सर्वांत शेवटी कवळी, ब्रिज किंवा इम्प्लांट. दादाचा पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढल्यावर हिशोब असा निघाला : वरचे उरलेले नऊही दात काढायचे, खालच्या चौदांपैकी चार काढायचे, तिघांना रूट कॅनाल आणि उरलेल्या सातांना सफाई व भरणे. हे सगळे डॉक्टरबाईंनी अंदाजे खर्चासह एका कागदावर लिहून दिले. तो कागद वहिनींनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. एकेक काम झाले की त्यावर खूण करायची.

रक्ततपासणीत साखर वाढलेली निघाली. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना खतपाणी घालतात. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांत पू असला की साखर आटोक्यात येत नाही. म्हणून मोठ्या कामाआधी साखरेची तपासणी करावी. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर दंतवैद्याला आधी सांगावे. ती स्वतःच्या मनाने बंद करू नये.

सफाईच्या दिवशी दादाने नेहमीची शंका काढली, 'साफ केल्याने दात हलायला लागतात ना?' त्याला समजावायला बऱ्हाणपूरचीच एक गोष्ट उपयोगी पडली. १६१५ साली, अब्दुर रहीम खानखानाच्या काळात, तिथे कुंडी भंडारा नावाची जमिनीखालची पाणीयोजना झाली. डोंगरातून झिरपणारे पाणी भुयारातून शहराला मिळायचे. त्या पाण्यातला चुना भिंतींवर बसून बसून थर जाड होत गेले आणि पाण्याच्या वाटा अरुंद झाल्या. दातांवरचे कीटण असेच साठते. लाळेतल्या क्षारांनी मळ दगडासारखा कडक होतो, हिरडीखाली उतरतो आणि हाड झिजत जाते. ते ब्रशने निघत नाही. सफाईनंतर दात हलतात असे वाटते, कारण आधीच सैल झालेल्या दातांना कीटणाने धरून ठेवलेले असते. वरचा दात काढला की नजर जाते, हीसुद्धा अशीच ऐकीव समजूत आहे. दाताचा आणि दृष्टीचा तसा संबंध नाही.

दात चार खेपांत काढले. बधिर करण्याची सुई टोचते, पण नंतर ओढल्याची जाणीव होते, दुखत नाही. डॉक्टरबाईंनी एक खूण ठरवून दिली होती. डावा हात वर केला की त्या लगेच थांबणार. दादाने तो हात पहिल्या दिवशी तीनदा वर केला, शेवटच्या दिवशी एकदाही नाही. थांबवणे आपल्या हातात आहे एवढे कळले तरी भीती बरीच उतरते.

घरच्यांचे काम इथून सुरू होते. दात काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. त्या दिवशी थुंकायचे नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचे नाही, कारण जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघाली तर भयंकर ठणका लागतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. वहिनींनी मऊ खिचडी, पातळ पिठले आणि नाचणीची आंबील, म्हणजे आपल्याकडची अंबली, असा आठवडा लावला. सर्वांना तेच जेवण वाढायचे, दादाचे ताट वेगळे दिसू द्यायचे नाही, हा नियम त्यांनीच घातला.

सर्वांत अवघड गेले ते तंबाखू-सुपारी सोडणे. दादाच्या तोंडात जेमतेम दोन बोटे जात. सहसा स्वतःची तीन बोटे उभी जायला हवीत. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. पुढे त्यातून कर्करोगाचाही धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच सुपारीला कर्करोगकारक ठरवले आहे. दादाने दोनदा सोडली आणि दोनदा पुन्हा धरली. तिसऱ्या वेळी खिशात बडीशेप आली, ती टिकली.

वरचे दात गेल्यावर हाड आणि हिरडी भरून स्थिर व्हायला काही महिने द्यावे लागतात. काहींना मधल्या काळासाठी तात्पुरती कवळी देता येते. दादाने ती घेतली नाही. त्या दिवसांत तो बाहेर पडायचा नाही, फोनवर बोलायचा नाही. पण त्याच्या सहा वर्षांच्या नातवाचेही पुढचे दुधाचे दात तेव्हाच पडले होते. दोघे बोळके उघडून एकमेकांना दाखवत. दादाचा तोंडावरचा हात पहिल्यांदा खाली आला तो त्या पोरासमोर.

दिवाळीला मी पुन्हा गेले तेव्हा कवळी बसली होती. ती बसली म्हणजे सगळे संपले, असे नाही. पहिले काही दिवस तोंडात परकी वस्तू कोंबल्यासारखी वाटते, लाळ सुटते, 'स' आणि 'फ' नीट उमटत नाहीत, हिरडीला टोचून फोड येतात. टोचले तर घरी कानशीने घासायचे नाही, डॉक्टरकडून ठीक करून घ्यायचे. दादा रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा. घास लहान, दोन्ही बाजूंनी चावायचा. रात्री कवळी काढून, ब्रशने घासून साध्या पाण्यात ठेवायची. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो. दादा आता ज्वारीची भाकरी लहान तुकडे करून खातो, कांदा बारीक चिरून घेतो. जुन्या दातांची ताकद कवळीला येत नाही, हे त्याने मान्य केले आहे. पण खालचे दहा दात त्याचे स्वतःचे आहेत आणि त्यांना तो फार जपतो.

खर्चाचे म्हणाल तर क्रम ठरला की खर्चही टप्प्याटप्प्याने करता येतो. दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वेळ जास्त लागतो, पण पैसे कमी लागतात. दादाच्या बाजूला इंदूरचे सरकारी दंत महाविद्यालय आहे. आपल्याला बेळगावात केएलईचे आणि धारवाडला एसडीएमचे आहे. कर्नाटक सरकारने दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना मोफत कवळी देण्यासाठी 'दंत भाग्य' योजना आणली होती. सध्या तिचे नियम काय आहेत, याची चौकशी सरकारी दवाखान्यात जरूर करावी.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. विडीचा तेंदूपत्ता मध्य प्रदेशातून येतो, तर निपाणीचे नावच विडीच्या तंबाखूने गाजले. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर १९९२ साली बंदी आली, मध्य प्रदेशात २०१२ साली आणि कर्नाटकात २०१३ साली गुटखाबंदी झाली. तरीही मिश्रीची डबी कितीतरी घरांत आजीच्या उशाशी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे. म्हणजे ज्याला आपण एकट्याची लाज समजतो, ते जवळजवळ निम्म्या जगाचे दुखणे आहे.

म्हणून घरात कोणी एका बाजूने जेवत असेल, हसताना तोंड झाकत असेल, कडक पदार्थ हळूच ताटाच्या कडेला सारत असेल, तर त्याला 'आधी का नाही गेलास?' असे विचारू नका. त्याला उत्तर नसते, नुसता अपमान असतो. त्याऐवजी 'काय खावंसं वाटतं?' असे विचारा आणि पहिल्या खेपेला सोबत जा. तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. मुलांना रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने दात घासायची सवय लावा आणि त्यांच्यासोबत आपणही घासा. त्याला मराठीत दातदुखी म्हणा की कन्नडमध्ये हल्लुनोवु, वेळेवर तोंड उघडले तर ते थोडक्यात निभावते.