विमान रंगवा, पण कुंचला तोंडात नको!

४ डिसेंबर २०२३ रोजी तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला, तेव्हा नौदलाची विमाने आणि हेलिकॉप्टरे आपल्या डोक्यावरून गेली. त्याआधी २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला होता. अशी विमाने पाहिलेल्या मुलाच्या हाती मुंबईच्या मामाने आणलेला प्लॅस्टिकच्या विमानाचा डबा पडला, की सुट्टीतले आठ दिवस घरात दुसरा विषय नसतो. भाग सुटे करायचे, चिकटवायचे, इथपर्यंत सगळे सुरळीत. अडते ते रंगापाशी. ओघळ येतात, कुंचल्याचे ओरखडे उठतात आणि माजघरात थिनरचा वास भरून राहतो. आरोग्याच्या सदरात या छंदाचे काय काम, असे वाचकांना वाटेल. काम आहे, आणि ते त्या वासापासूनच सुरू होते.

हाताने बारीक रंगकाम करणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळणी आणि फळे सर्वांना ठाऊक आहेत. तिथला गंजिफा म्हणजे गोल पत्त्यांचा डाव. दशावतारी गंजिफ्यात एकशे वीस पत्ते, आणि प्रत्येक पत्ता हाताने रंगवलेला. ही कला लोप पावत असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात तिचे काम पुन्हा उभे केले. पत्त्यावरचा वीतभरही नसलेला अवतार आणि विमानाच्या पंखावरचे चिन्ह यांत हाताच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्हीकडे श्वास रोखला जातो, मान वाकते, डोळे ताणले जातात. आणि दोन्हीकडे कुंचल्याचे टोक सरळ करायला तो नकळत ओठांकडे जातो.

हीच सवय सर्वांत वाईट. जुन्या भारतीय चित्रकामात शेंदूर, हिंगूळ, हरताळ हे रंग सर्रास असत. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिसे, हिंगूळ म्हणजे पारा आणि हरताळ म्हणजे सोमल, हे किती जणांना माहीत असते? अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात घड्याळांच्या आणि विमानातील उपकरणांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रंग भरण्याचे काम मुली करीत. त्या रंगात रेडियम होते, आणि कुंचला ओठांनी टोकदार करावा असे त्यांना शिकवले जाई. पुढे त्यांच्या जबड्याची हाडे सडली, कित्येकींचा मृत्यू झाला. पाच जणींनी लढवलेल्या दाव्यात १९२८ साली तडजोड होऊन भरपाई मिळाली. आजच्या रंगात रेडियम नसते, हे खरे. पण कुंचला ओला करून तळहातावर किंवा ओल्या फडक्यावर हलकेच फिरवला तरी टोक तितकेच छान येते, मग तोंड कशाला हवे?

शिशाचा प्रश्न मात्र अजून संपलेला नाही. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि तो पुढच्या वर्षी लागू झाला. परंतु हा नियम घरगुती व शोभेच्या रंगांपुरता आहे, औद्योगिक रंगांना नाही. आपल्या किनाऱ्यावर होडी रंगवून उरलेला डबा वळचणीला पडलेला असतो. मुलगा म्हणतो, रंग तो रंग! पण होडीच्या तळाचा रंग हा शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून मुद्दाम विषारी केलेला असतो. बहुधा त्यात तांब्याची संयुगे असतात. तो खेळण्याला लावू नये. जुन्या दाराखिडक्यांचा रंग काचपेपरने कोरडा घासू नये, घासलाच तर पाणी लावून. शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला अपाय करते, आणि अमुक इतके चालेल अशी सुरक्षित मात्रा वैद्यकशास्त्राला सापडलेली नाही. पोटदुखी, बद्धकोष्ठ, फिकटपणा, अभ्यासात लक्ष न लागणे ही लक्षणे इतकी सामान्य आहेत, की शिशाची शंकाच कोणाला येत नाही.

नवशिक्याने पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वास कमी, कुंचला पाण्याने धुता येतो, आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या थिनरने प्लॅस्टिकच विरघळते ते वेगळेच. रंगवण्यापूर्वी सुटे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवावेत, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. रंग पातळ ताकाइतका करावा. कुंचला अर्धाच बुडवावा, पंखांसाठी चपटा आणि बारीक कामाला टोकदार. पहिला हात ठिगळासारखाच दिसणार. बहुतेक जण इथे घाबरून ओल्या रंगावरच पुन्हा कुंचला फिरवतात आणि सगळे उखडते. तसाच ठेवून द्यावा. पूर्ण वाळल्यावर दुसरा हात आडव्या दिशेने द्यावा, लागल्यास तिसरा. पिवळा आणि लाल हे रंग खालचे झाकत नाहीत, म्हणून त्यांच्याखाली आधी पांढरा द्यावा. आषाढ-श्रावणात आपल्याकडे हवाच ओली, तेव्हा दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी. धूळ बसू नये म्हणून वर पातेले उपडे घालावे.

इनॅमल रंगच वापरायचे असतील तर पावसाचे निमित्त करून खिडक्या बंद करू नयेत. पडवीत बसावे. थिनर, टर्पेंटाइन आणि प्लॅस्टिक चिकटवण्याचा डिंक यांच्या वाफेने डोके दुखते, गरगरते, मळमळते. असे झाले की काम थांबवून मोकळ्या हवेत यावे. दम्याच्या रुग्णाने या वाटेला जाऊच नये. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, म्हणून देवघरातली समई आणि चुलीचा विस्तव दोन्ही लांब हवेत. हात थिनरने धुऊ नयेत. खोबरेल तेल चोळून मग साबण लावावा.

आणि थिनर कधीही थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नये! लहान मुलाने ते किंवा रॉकेल प्यायले तर आई घाबरून घशात बोट घालते. कृपया असे करू नये. उलटी होताना ते फुप्फुसात उतरते आणि त्यातून होणारा न्यूमोनिया जिवावर बेततो. उलटी न करवता, डबा किंवा बाटली सोबत घेऊन, तडक दवाखाना गाठावा. डोळ्यात उडाले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. घरात तीन वर्षांखालील मूल असेल तर विमानाची चाके आणि पंखेही त्याच्या हाती लागू देऊ नयेत.

हा छंद निवृत्त मंडळींनाही चांगला. गुडघे दुखत असले तरी बसून करता येतो. चाळिशी लावूनच बसावे, उजेड डावीकडून घ्यावा (डावखुऱ्यांनी उजवीकडून), आणि मान वाकवण्याऐवजी एखाद्या डब्यावर ठेवून कामच छातीपर्यंत उंच करावे. दर वीस मिनिटांनी मान वर करून समोरच्या माडाकडे पाहावे आणि पापण्यांची उघडझाप करावी. गणपतीच्या शाळेत मूर्तीचे डोळे आखणाऱ्याकडे नीट पाहा, त्याचा हात कधी अधांतरी नसतो, कुठेतरी टेकलेला असतो.

हात टेकूनही थरथरत असेल तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. उपाशी पोट, अपुरी झोप, चार कप चहा, दम्याची काही औषधे किंवा थायरॉइडचा विकार यांनीही कंप येतो. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याला कंपाबरोबर घाम आणि भूक जाणवली तर साखर उतरली असे समजून लगेच दोन चमचे साखर खावी. कुंचला किंवा कप धरताना वाढणारी थरथर एक प्रकारची. ती पुष्कळदा घराण्यात असते. पण हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो, कुंचला उचलला की थरथर कमी होते, शिवाय चालणे मंदावले, अक्षर बारीक होत चालले, तर तो कंपवात असू शकतो. कोणत्या हाताला, केव्हापासून आणि कशाने वाढते हे कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांना दाखवावा.