कंबरेंतील पुटी व तिजवरील शस्त्रक्रिया

कर्जत-खालापूर भागांतील पुष्कळ घरांत अशी एखादी आजी असते. दहा पावलें चालली म्हणजे ती बांधावर टेकते. पुढें वांकून बसली म्हणजे पायांतील कळ थांबते आणि उठून चालूं लागली म्हणजे पुन्हां सुरू होते. "आयुष्यभर भाताची लावणी केली, आतां असें व्हावयाचेंच," असें म्हणून घरचीं माणसें स्वस्थ बसतात. या कळेचें एक कारण आम्ही येथें सांगणार आहों.

आपल्या कंबरेंत पांच मणके असतात. दोन मणक्यांच्या जोडणीपाशीं मागील बाजूस दोन लहान सांधे असून त्यांत वंगणासारखा द्रव असतो. उतारवयांत सांधा झिजला म्हणजे कधीं कधीं त्याचें अस्तर फुगून द्रवाची लहान पिशवी होते, तीच पुटी. चौथ्या व पांचव्या मणक्यांमध्यें ती अधिक आढळते. पायाकडे जाणारे मज्जातंतू शेजारींच असल्यामुळें त्यांवर दाब पडतो. दोष कंबरेंत असतो, वेदना मात्र पायांत होते. म्हणून नुसता पाय चोळून दोष जात नाहीं.

क्ष-किरणांनीं हाडें दिसतात. पुटी स्पष्ट पाहण्यास एमआरआय ही चुंबकीय तपासणी लागते. पुटी दिसली म्हणजे शस्त्र लागलेंच, असें मात्र नाहीं. औषध, व्यायाम किंवा सांध्यांतील इंजेक्शन यांनीं कित्येकांस आराम पडतो. तरीही वेदना हटेना, किंवा पायाची शक्ति कमी होऊं लागली, तर शस्त्रक्रियेचा विचार करितात.

पूर्वीं त्यासाठीं मोठा छेद घेऊन पाठीचे स्नायू हाडापासून सोडवावे लागत. १९९७ सालीं अमेरिकेंतील फोली व स्मिथ या शस्त्रवैद्यांनीं मणक्यांमधील गादीसाठीं बारीक नळीची रीत प्रसिद्ध केली. तीच रीत आतां पुटीसही लावितात. सुमारें दोन सेंटिमीटर छेदांतून नळी स्नायूंचे तंतू बाजूस सारीत आंत जाते, आणि सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें पुटी काढितात. रक्तस्राव थोडा होतो व पुष्कळ रोगी दुसऱ्या दिवशीं चालूं लागतात. पुटी मज्जातंतूच्या आवरणास चिकटलेली असल्यास आवरणास इजा होण्याचें भय असतें, व क्वचित् ती पुन्हां उद्भवते. हें डॉक्टरांस आधींच विचारावें.

परंतु लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा पाय लुळे पडूं लागले, तर एक दिवसही थांबूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें. मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियांचा विभाग १९५६ पासून आहे.

विद्यार्थिमित्रहो, आजी बांधावर कां बसते, हें आज घरीं गेल्यावर तिला विचारा. म्हातारपण म्हणून सोडून दिलेलें दुखणें कदाचित् बरें होण्याजोगें असेल.