शाळा सुटली, पण दहावी सुटू नये

दहावीत नापास झाल्याने किंवा घरच्या अडचणीमुळे शिक्षण सुटलेले तरुण आपल्या कामठीच्या प्रत्येक वस्तीत आढळतात. मुलगा कामाला लागतो, मुलीचे लग्न होते, आणि पुढे नोकरीचा अर्ज भरताना दहावीच्या प्रमाणपत्रावाचून अडते. अशांना आज मोबाईलवर 'घरबसल्या ऑनलाइन दहावी' अशा जाहिराती दिसतात. त्यांतील खरे-खोटे पारखता यावे, हा या लेखाचा हेतू होय.

शाळेच्या वेळेबाहेरचे शिक्षण कामठीला नवे नाही. बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) यांनी १९२०च्या दशकात येथे रात्रशाळा चालविल्या. तेथे एका वेळी ८६ मुले व २२ मुली शिकत होत्या. दिवसा राबणाऱ्यालाही शिकता यावे, हाच त्यामागील विचार होता.

आज अशा विद्यार्थ्यांपुढे दोन मान्यताप्राप्त मार्ग आहेत. पहिला मार्ग महाराष्ट्र राज्य मंडळाचा. शाळेत नियमित न जाणारा विद्यार्थी १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षेस बसू शकतो. दहावीसाठी किमान पाचवी उत्तीर्ण असावे व वयाची १४ वर्षे पूर्ण असावीत. फॉर्म आता ऑनलाइन भरला जातो. परंतु जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडावी लागते व तिच्यामार्फतच पुढील काम चालते. अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिका नियमित विद्यार्थ्यांच्याच असतात.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजेच एन.आय.ओ.एस.चा. केंद्रीय मंडळाने १९७९ मध्ये प्रकल्प म्हणून सुरू केलेल्या या कार्यातून १९८९ मध्ये स्वतंत्र संस्था निर्माण झाली. येथे दहावीसाठी पाच विषय पुरतात व मराठी माध्यमही उपलब्ध आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते. नोंदणी पाच वर्षे चालते व त्या काळात नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो, त्यामुळे एकेक विषय सोडवीत पुढे जाता येते. काम सांभाळून शिकणाऱ्यास ही मोठी सवलत आहे.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अभ्यास ऑनलाइन होऊ शकतो, पण या दोन्ही मंडळांची लेखी परीक्षा केंद्रावर जाऊन स्वतःच द्यावी लागते. 'परीक्षेला न जाता पास' असे कोणी सांगत असेल, तर ती फसवणूक समजावी. नाव भारदस्त असले म्हणून मंडळ मान्यताप्राप्त ठरत नाही. पैसे भरण्यापूर्वी मान्यतेची खात्री करावी व फी शक्यतो मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावी. अन्यथा पैसे जातात, वर्षे जातात आणि हाती आलेला कागद नोकरीत वा प्रवेशात चालत नाही.

अभ्यासाचे साहित्य मिळविण्यास फार खर्च येत नाही. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. एन.आय.ओ.एस.चे पाठही तसेच मिळतात. केंद्र शासनाच्या 'स्वयम्' व 'दीक्षा' या २०१७ मध्ये सुरू झालेल्या व्यासपीठांवरही अभ्याससाहित्य आहे.

मग अडते कोठे? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा याचे उत्तर सर्वांना मिळाले. घरात मोबाईल एक, शिकणारे तीन. बसायला कोपरा नाही आणि गणित अडले तर विचारायला कोणी नाही. मोबाईल धडा पोहोचवितो, पण अभ्यासाची ठरलेली वेळ, शांत जागा व चूक दाखविणारा माणूस देत नाही. वर्गाबाहेर शिकणाऱ्याचे धैर्य सुटते ते बहुधा याच कारणाने.

ही उणीव आपण भरून काढू शकतो. सायंकाळी दोन तास उघडी राहणारी एक खोली, चांगला उजेड, जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच आणि गणित-इंग्रजी समजावून सांगणारे दोन पदवीधर, एवढ्यानेही मोठे काम होईल. फॉर्म भरण्याच्या तारखा फलकावर लिहून ठेवल्या तरी कित्येकांचे वर्ष वाचेल. विद्यार्थ्यांनीही रोजची वेळ ठरवावी, लिहिण्याचा सराव करावा व परीक्षेची तारीख मनाशी बांधावी. प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने आपल्या वस्तीतील शाळा सुटलेल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला यंदा फॉर्म भरण्यास हाताला धरून न्यावे, ही विनंती.