कार्यप्रणालीची दुरुस्ती की पुनःस्थापना?

भाषाविज्ञानाच्या विभागातील संगणक आज केवळ टंकलेखनाचे साधन राहिलेला नाही. क्षेत्रकार्यात ध्वनिमुद्रित केलेली संभाषणे, त्यांची लिप्यंतरे, शब्दसूची आणि प्रबंधांचे मसुदे त्यातच साठविलेले असतात. असा संगणक एके दिवशी सुरू होईनासा झाला, तर त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, दुरुस्त करावी की पुसून टाकून नव्याने स्थापावी, असा प्रश्न उभा राहतो. हा निर्णय सामान्यतः तंत्रज्ञावर सोपविला जातो. परंतु तंत्रज्ञाला यंत्र चालू करावयाचे असते, तर अभ्यासकाला सामग्री वाचवावयाची असते. ही दोन प्रयोजने नेहमीच एकरूप असतात असे नाही. म्हणून या निर्णयाची तत्त्वे अभ्यासकानेही जाणून घेणे अगत्याचे आहे.

संगणकात तीन गोष्टी वसतात : कार्यप्रणाली, तिच्यावर चालणारी सॉफ्टवेअरे आणि आपली स्वतःची सामग्री. पहिल्या दोन बहुधा पुन्हा मिळविता येतात. तिसरीचे तसे नाही. जो वृद्ध निवेदक आज हयात नाही, त्याचे बोलणे पुन्हा मुद्रित करता येत नाही. यावरून पहिला नियम निष्पन्न होतो : कोणताही उपाय करण्यापूर्वी सामग्रीची प्रत करावी. विंडोज सुरू होत नसले, तरी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून, अथवा डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून, बहुधा ही प्रत करता येते. मात्र डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली हाताशी असली पाहिजे.

त्यानंतर दोष कोठे आहे हे ठरवावे. डिस्क झिजलेली किंवा स्मृतिपट्टी सदोष असेल, तर दुरुस्ती आणि पुनःस्थापना दोन्ही व्यर्थ होत. किंबहुना मरणोन्मुख डिस्कवर नवी प्रणाली लिहिणे म्हणजे उरलीसुरली सामग्रीही गमावणे होय.

दोष प्रणालीचाच असेल आणि त्याचे कारण ज्ञात व मर्यादित असेल, तर दुरुस्ती श्रेयस्कर. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचे एक सदोष अद्यतन जगभर पोहोचले आणि, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. बाहेरून पाहणाऱ्यास संपूर्ण प्रणाली कोसळली असे वाटले असते. प्रत्यक्षात सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकणे हा त्यावरील उपाय होता. लक्षणाची तीव्रता हे दोषाच्या व्याप्तीचे प्रमाण नव्हे, हा या घटनेचा बोध.

विंडोजमध्ये दुरुस्तीची साधने अंतर्भूत आहेत. एसएफसी हे साधन प्रणालीच्या फाइली तपासून बिघडलेल्यांच्या जागी संगणकातच ठेवलेल्या मूळ प्रती बसविते. त्या प्रतीच दूषित असतील, तर डिसम हे साधन प्रथम त्यांची दुरुस्ती करते. एवढ्याने भागले नाही आणि विंडोज सुरू होत असले, तर एक मध्यम मार्ग उरतो : असलेल्या प्रणालीवरच ती पुन्हा बसविणे. योग्य पर्याय निवडल्यास यात सामग्री आणि सॉफ्टवेअरे दोन्ही राहतात. याउलट ‘रीसेट’च्या पर्यायात ‘माझ्या फाइली ठेवा’ असे निवडले, तरी आपण बसविलेली सॉफ्टवेअरे जातात. या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

पुनःस्थापनेचा प्रसंग मुख्यतः विश्वास नष्ट झाल्यावर येतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने अनेक देशांतील संगणक ओलीस धरले. अशा घातक प्रोग्रामला प्रणालीचे सर्वाधिकार मिळाल्यानंतर, त्याने काय काय बदलले हे खात्रीपूर्वक सांगता येत नाही. येथे दुरुस्ती झाली असे वाटणे हाच धोका होय. डिस्क पुसून विश्वसनीय स्रोतातून प्रणाली नव्याने स्थापावी आणि जतन केलेली सामग्रीही तपासूनच परत घ्यावी. तसेच जुन्या आवृत्तीचे पाठबळ संपले असल्यास डागडुजीत वेळ घालविणे योग्य नव्हे. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे.

मराठीच्या अभ्यासकास पुनःस्थापनेची एक विशेष किंमत मोजावी लागते. युनिकोडपूर्व फाँटांत टंकित केलेल्या दस्तऐवजांत देवनागरी अक्षरे अक्षरे म्हणून साठविलेली नसतात. त्या फाँटपुरते अर्थपूर्ण असे संकेतांक तेवढे असतात. फाँट गेला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा गोंधळ दिसतो. दस्तऐवज सुरक्षित, परंतु अवाच्य, अशी ही अवस्था होय. म्हणून फाँट, कळफलकाची मांडणी, प्राटसाठी लिहिलेल्या आज्ञावली आणि परवान्यांचे क्रमांक यांची यादी आधीच करून ठेवावी. जुने दस्तऐवज सवडीने युनिकोडमध्ये आणणे हा स्थायी उपाय होय.

तात्पर्य, क्रमाने चार प्रश्न विचारावेत. सामग्रीची प्रत झाली आहे काय? दोष यंत्राचा नाही ना? त्याचे कारण कळले आहे काय? आणि दुरुस्तीनंतर त्या प्रणालीवर विश्वास ठेवता येईल काय? शेवटच्या दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल तर दुरुस्ती करावी. विश्वासाविषयी संशय असेल, तर पुनःस्थापनाच करावी. केवळ कारण तेवढे उमगत नसेल, तर दुरुस्तीसाठी अर्धा दिवस द्यावा आणि तेवढ्यात यश न आल्यास पुनःस्थापनेकडे वळावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र संगणक सुस्थितीत असतानाच होकारार्थी करून ठेवणे प्रत्येक संशोधकाच्या हाती आहे.