गॅस सगळ्यात शेवटी

ट्रकचं बोनेट कुठे असतं असं विचारलं, तर कारवाला पुढे बोट दाखवेल. ट्रकवाला शेजारी दाखवेल. टाटा १६१३ सारख्या ट्रकमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या कुशीला बसलेलं असतं आणि त्यावरचं पत्र्याचं झाकण म्हणजे बोनेट. त्यावर गोधडी टाकून क्लीनर झोपतो. जेवणाचा डबा ठेवला तर भाजी दुपारपर्यंत गरम राहते. डिसेंबरात हे सुख. एप्रिलमध्ये, बाहेर बेचाळीस अंश असताना, तोच माणूस तव्याला टेकून बसल्यासारखा बसतो.

माझ्या आतेभावाची अशी एक गाडी आहे, २०१२ सालची. (१६१३ मधले १६ म्हणजे मालासकट एकूण वजन, टनांत; १३ म्हणजे १३० अश्वशक्ती. ट्रकवाल्यांना हे सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं.) कंपनीने नुसती चासी दिली आणि केबिन बॉडीवाल्याने बांधली: लाकडाचा सांगाडा, वर पत्रा, आत प्लायवूड, गणपती, झिरमिळ्या. रावेरहून केळी भरून ती कधी इंदूरला जाते, कधी सुरतेला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राची अधिसूचना निघाली, की १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा. चांगलं झालं. पण नियम नव्या गाडीला. रस्त्यावर आधीच धावणाऱ्यांचं काय, याचं उत्तर कागदावर नाही. ते भुसावळ रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आहे.

शेडवर पाटी नाही. मिस्तरींना सगळे ‘उस्ताद’ म्हणतात, आतेभाऊ ‘काका’ म्हणतो. पस्तीस वर्षं हेच काम. हात अ‍ॅम्बेसेडर आणि फियाटवर बसला, तेव्हा एसी म्हणजे डॅशबोर्डखाली लटकवलेली एक पेटी असे. आम्ही गाडी घेऊन गेलो ती कोरी नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात तिला एसी बसवून घेतला होता. पहिला महिना बरा गेला, मग दर सहा आठवड्यांनी गॅस, मग बॅटरी, मग काहीच नाही. आतेभाऊ उतरल्या उतरल्या म्हणाला, “काका, गॅस भरून द्या फक्त. सोमवारी लोडिंग आहे.”

उस्तादांनी केबिनमध्ये डोकं घातलं, खाली वाकून पट्टा बघितला, बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं. मग बोलले, “भाऊ, गॅस जेवणानंतरची सुपारी आहे. अजून चूल पेटली नाही.”

आधीच्या माणसाने काय केलं होतं ते बॅटरीपाशीच कळलं. ट्रकची वीज २४ व्होल्टची, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून केलेली. बसवलेला कंप्रेसर आणि ब्लोअर मात्र कारचे, बारा व्होल्टचे. मग त्याने दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच वायर ओढली होती. दिसायला चालतं. पण एका बैलाला जास्त ओढायला लावलं की जोडी बिघडते: एक बॅटरी रोज उपाशी राहते आणि अल्टरनेटर दोघींना सारखंच वाढत राहिल्याने दुसरी अजीर्णाने मरते. वर्षभरात आतेभावाने तीन बॅटऱ्या घातल्या होत्या आणि शिव्या बॅटरी कंपनीला दिल्या होत्या.

तेव्हा सगळं काढायचं ठरलं. कंप्रेसर, होज, कूलिंग कॉइल, कंडेन्सर, जमिनीवर मांडलेला तो संसार बघून आतेभावाचा चेहरा उतरला. सोमवारचं लोडिंग गेलं.

एसीला थंडी तयार करता येत नाही, हे उस्ताद गिऱ्हाइकाला माठावरून समजावतात. माठाला घाम फुटतो, घाम उडून जाताना पाण्यातली उष्णता घेऊन जातो, पाणी गार होतं. एसीत पाण्याच्या जागी गॅस. तो केबिनमधल्या कॉइलमध्ये उडतो आणि आतली उष्णता पितो. फरक एवढाच, की माठाचं पाणी रोज भरता येतं. हा गॅस महाग, त्यामुळे तोच परत धरून आणायचा. कंप्रेसर त्याला दाबून तापवतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा पातळ होतो, मग ड्रायरमधून गाळून एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून कॉइलमध्ये सुटतो. म्हणजे ही हमाली आहे. आतली उष्णता उचलायची, बाहेर नेऊन टाकायची.

आणि टाकायची कुठे, तर बेचाळीस अंशांच्या हवेत. आधीच्या कामात कारचा छोटा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बांधला होता. कार ऐंशीच्या वेगाने पळते, तिला समोरून वारा मिळतो. भरलेला ट्रक घाटात पंधराने चढतो, तेव्हा इंजिन तापलेलं आणि वारा नाही. शिवाय केळीच्या वाळलेल्या पानांचा भुगा जाळीत अडकून तिची गोधडी झालेली. उस्तादांनी नवा कंडेन्सर टपावर नेला, स्वतःच्या दोन पंख्यांसकट. तिथे इंजिनाची झळ लागत नाही आणि गाडी उभी असतानाही हवा खेळते. आता केळीच्या बागेकडे जाताना वाटेवरच्या झाडांच्या फांद्या सांभाळायच्या, हा नवा ताप. आतेभावाने पुढे लोखंडी पट्टीचा एक कमानदार गार्ड मारून घेतला.

सगळ्यात जास्त वेळ ज्यात गेला त्याचा एसीशी काही संबंध नाही असं मला वाटत होतं. ते काम ब्रॅकेटचं. कंप्रेसर इंजिनाला बांधायचा आणि क्रँकच्या पुलीवरून पट्टा घेऊन फिरवायचा. मोठ्या डिझेल इंजिनाची थरथर कारसारखी नसते, तिने पातळ ब्रॅकेट महिन्यात चिरतं. जुन्या ब्रॅकेटला भोकाजवळ केसाएवढी चीर होतीच, वर वेल्डिंगचं ठिगळ. उस्तादांनी बारा मिलिमीटरची प्लेट कापली, शेजारच्या लेथवाल्याकडून पुलीला जादा खाच काढून आणली. मग खिशातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं. क्रँकच्या पुलीच्या कडेला दोरा लावला, कंप्रेसरच्या पुलीपर्यंत ताणून धरला आणि एक डोळा मिटला. दोरा मागच्या कडेला टेकला, पुढच्या कडेपासून सुटला. दोन मिलिमीटरचं अंतर असेल. ब्रॅकेट काढलं, मागे एक वायसर घातलं, पुन्हा दोरा. चार वेळा. चौथ्या वेळी दोरा दोन्ही पुल्यांना चारही जागी टेकला. “आता पट्टा बोंबलणार नाही,” म्हणाले. पट्टा वाकडा चालला तर तो स्वतः तर मरतोच, कंप्रेसरचं बेअरिंगही घेऊन जातो.

दुपारी मी गॅसचा विषय काढला. उस्तादांच्या पिढीने एक मोठी बदली बघितली आहे. त्यांच्या उमेदवारीत ‘बारा नंबर’ चाले, म्हणजे आर-१२. अमेरिकेत १९३० च्या सुमारास थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा पुढे आणला, तेव्हा ते वरदानच वाटलं: पेटत नाही, विषारी नाही. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवलं, की हाच गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ चा माँट्रियल करार त्यातून आला. अमेरिकेत १९९४ च्या मॉडेलपर्यंत नव्या गाड्या आर-१३४ए वर गेल्या. आपल्याकडे बारा नंबरचं उत्पादन, औषधी फवाऱ्यांपुरता अपवाद सोडला, तर २००८ मध्ये थांबलं.

पण जुनी गाडी नव्या गॅसवर नेणं म्हणजे बाटली बदलणं नव्हे. बारा नंबरसोबत मिनरल तेल फिरायचं. १३४ त्या तेलात मिसळत नाही, त्यामुळे तेल कंप्रेसरपर्यंत परत येत नाही आणि कंप्रेसर कोरडा फिरून जाम होतो. जुनं तेल काढायचं, दुसऱ्या जातीचं घालायचं. ड्रायर बदलायचा. काळ्या ओ-रिंगांच्या जागी बहुधा हिरव्या. होज आतून नायलॉनचा थर असलेला हवा, कारण नव्या गॅसचे कण लहान, साध्या रबरातून झिरपतात. एवढं करून गॅस भरायचा तो जुन्याच्या वजनाच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्केच, कारण १३४ चा दाब गरमीत जास्त चढतो. अमेरिकेत अशी जुनी पिकअप बदलली की जोडण्या नव्या मापाच्या लावाव्या लागतात, म्हणजे चुकून जुना गॅस भरला जाऊ नये, आणि बोनेटखाली कोणी, कधी, किती गॅस भरला याची फिकट निळी चिठ्ठी डकवावी लागते. उस्तादांना ही चिठ्ठी फार आवडली. “आमच्याकडे असती तर अर्धी भांडणं मिटली असती.”

त्या काळात तेल न बदलता वरून १३४ भरून दिलेल्या गाड्या त्यांच्याकडे रांगेने यायच्या. कंप्रेसर जाम, मालक म्हणायचा नवा गॅस खराब. माझं मत विचाराल तर या धंद्याची सगळी बदनामी या एका घाईतून आली आहे. आणि आता १३४ चीही पाळी आली आहे. तो ओझोनला हात लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट उष्णता धरून ठेवतो. भारताने २०२१ मध्ये माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला मान्यता दिली, २०२८ पासून अशा गॅसांच्या वापराला वेसण बसणार आहे. गळका एसी दर सहा आठवड्यांनी भरणं म्हणजे फक्त मालकाच्या खिशाला भोक नव्हे.

तिसऱ्या दिवशी सगळं जोडून झालं. मला वाटलं, आता गॅस. उस्तादांनी नायट्रोजनचं नळकांडं ओढत आणलं. आधी दाब भरायचा, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुड्याची वाट बघायची. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा का नाही, असं मी विचारलं. हवेत पाणी असतं, हे एक. दुसरं, दाबाखालच्या हवेत हा गॅस मिसळला तर तो पेटू शकतो. ऑक्सिजन तर नावसुद्धा काढायचं नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट. एका जोडावर अगदी मोहरीएवढे बुडबुडे आले. ओ-रिंग बसवताना मुरगळली होती. हाताखालच्या पोराला बोलणी बसली. मग तेल लावून नवी रिंग.

यानंतर व्हॅक्यूम पंप. काटा शून्याच्या खाली एकोणतीस इंचांपाशी गेला आणि उस्ताद चहाला गेले. पंप तास-दीड तास चालू. इतका दाब उतरला, की पाइपांतला ओलावा साध्या हवेच्या उष्णतेवरच उकळतो आणि वाफ होऊन बाहेर पडतो. हे टाळलं तर तेच पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकात गोठतं आणि एसी चालता-थांबता होतो. पंप बंद करून पुन्हा अर्धा तास काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही. एवढा वेळ देणारी गॅरेजं कमी, कारण या दोन तासांचं बिल लावता येत नाही. गिऱ्हाइकाला काही दिसतच नाही.

दरम्यान पोरं केबिन बुजवत होती. क्लच-ब्रेकच्या पेडलांभोवतीची भोकं, स्टिअरिंगच्या दांड्याची फट, वायरींची बिळं, दाराचं कडक झालेलं रबर. बोनेटखाली चकचकीत कागद लावलेला फोम, टपाच्या पत्र्याखाली दुसरा. आधीच्या एसीने अर्धी ताकद बाहेरचा रस्ता थंड करण्यात घालवली असणार.

मग गॅस. तोही डब्यांवर नाही, काट्यावर. बाजारात ४५० ग्रॅमचे डबे मिळतात, म्हणून ‘दोन डबे टाक’ ही या धंद्याची भाषाच झाली आहे. उस्ताद सिलिंडर वजनकाट्यावर ठेवतात आणि आकडा उतरताना बघतात. ८०० ग्रॅमला थांबले. स्वस्त सिलिंडर ते घेत नाहीत. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये जहाजांनी जाणारे थंड कंटेनर फुटले आणि माणसं मेली, ती भेसळीच्या गॅसमुळे. त्यातलं मिथाइल क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमशी भिडलं होतं. मी ही हकिकत सांगितली तर म्हणाले, “आपल्याकडे स्वयंपाकाचा गॅस भरणारे आहेत. ते तर केबिनमध्ये बॉम्ब ठेवतात.”

दुपारी अडीचला इंजिन चालू केलं. गेजवर एका बाजूला तीस पीएसआय, दुसऱ्या बाजूला अडीचशे. उस्तादांनी माझा हात धरून जाड पाइपावर ठेवला, गार आणि ओला. बारीक पाइपावर नेला आणि मी तो झटकन काढला. बाहेर ४१. झडपेसमोरचं थर्मामीटर वीस मिनिटांत ११ वर आलं. केबिनखाली पाण्याचे थेंब पडू लागले तसा ड्रायव्हर ओरडला, रेडिएटर गळतोय. हवेतलं पाणी होतं, कॉइलवर जमलेलं.

काही गोष्टी हा एसी करणार नाही. इंजिन बंद केलं की तो बंद, म्हणजे रात्री ढाब्यावर झोपताना काच खालीच. कंप्रेसर चार-पाच अश्वशक्ती खातो, ती डिझेलमधूनच येते. चढाला ड्रायव्हर बटण बंद करेल. आतेभावाने डिझेलचा हिशेब काढायला सुरुवात केली तेव्हा ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, “शेठ, मागच्या मेमध्ये तुम्हाला दोन ड्रायव्हर सोडून गेले.” हिशेब तिथेच थांबला.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर दिवाळीनंतर, गाडीला चार दिवस मोकळे काढून मिस्तरींकडे जा. होळी झाली की ते तारीख देत नाहीत.